चढणीचे मासे आणि गाबोळीचा हिशेब

जूनमध्ये पहिले दोन-तीन दणकून पाऊस झाले, की कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला रात्री ओढ्याकाठी बॅटऱ्या फिरू लागतात. कुणाच्या हातात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, कुणाच्या हातात कोयता, कुणी नुसतंच पोतं घेऊन निघालेला. मासे चढायला लागलेले असतात. रायगड-ठाण्याकडे याला वळगण म्हणतात, तळकोकणात चढण. सकाळी घराघरांतून एकच वास येतो आणि दुपारपर्यंत मोबाइलवर माशांनी भरलेल्या घमेल्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. त्याखाली दरवर्षीचं ठरलेलं भांडण. एक म्हणतो, वर्षातून एकदा मिळणारा मेवा आहे, खाऊ द्या की. दुसरा म्हणतो, अंड्यावर आलेल्या माद्या मारताय, पुढच्या वर्षी काय खाल?

दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. पण ओढ्यात असं बरंच काही चालू असतं जे या भांडणात कधी येतच नाही, ते इथे उलगडू. माझं मत आधीच सांगून टाकतो: ओढ्यातला मासा उत्तम अन्न आहे आणि तो खायला हरकत नाही. मात्र तो घरापुरता पुरतो, बाजाराला पुरत नाही. आणि त्याला संपवणाऱ्यांची यादी केली, तर पाग टाकणाऱ्या माणसाचं नाव त्यात बरंच खाली येतं.

मासे चढतात कशाला?

उन्हाळ्यात सह्याद्रीतले बहुतेक ओढे आटतात. उरतात ते डोह, म्हणजे खडकांमधले किंवा वळणांवरचे खोल खड्डे, जिथे मे महिन्यातही पाणी टिकतं. ओढ्यातले सगळे जीव त्या तेवढ्या पाण्यात दाटीवाटीनं दिवस काढतात. याच काळात माद्यांच्या पोटात अंडी तयार होत असतात. पावसाचं पाणी आलं, गढूळलं, थोडं गार झालं आणि धार वाढली, की माशांना इशारा मिळतो.

मग बऱ्याच जाती प्रवाहाच्या उलट्या दिशेनं निघतात. कारण अगदी साधं आहे. अंडी आणि पिल्लं पोहण्यात कच्ची, पाणी त्यांना खाली वाहून नेणारच. म्हणून सुरुवात वर करायची, म्हणजे ती वाहत वाहत योग्य जागी पोचतात. वरच्या अंगाला स्वच्छ गोटे असतात, पाण्यात हवा भरपूर मिसळलेली असते, मोठे शिकारी मासे कमी असतात. काही जाती सरळ वर न जाता आडव्या शिरतात, पाटातून भातखाचरांत. खाचरातलं उथळ, कोमट, किडामुंगीनं भरलेलं पाणी पिल्लांसाठी पाळणाघरच. जातीनुसार काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अंडी फुटतात. पाऊस ओसरू लागला की मोठे मासे आणि वाढलेली पिल्लं पुन्हा खाली, डोहाकडे.

बाळंतपणाला माहेरी जाण्यासारखाच हा प्रवास. फरक इतकाच, की इथे माहेरच्या वाटेवर लोक पोती घेऊन उभे असतात.

सगळेच मासे असे लांबवर जात नाहीत, हेही सांगायला हवं. मरळ काठाच्या गवतात, संथ पाण्यात अंडी घालते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. तांबूस पिल्लांचा घोळका आणि खाली घिरट्या घालणारे आईबाप, हे दृश्य पावसाळ्यात पाहिलेले बरेच जण असतील. त्या वेळी आईबाप उचलले, तर तो सगळा घोळका इतरांच्या पोटात जातो. म्हणजे मारले दोन, गेले शेकडो.

ओढा म्हणजे छोटं तळं नव्हे

ओढ्यातल्या माशाचा हिशेब चुकतो तो बहुतेकदा इथे. शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला आपण कोंडा घालतो, पेंड घालतो, शेणखतानं पाणी हिरवं करतो. घातलं तसं उगवतं. ओढ्याला कोणी वाढत नाही. डोंगरातलं पाणी स्वच्छ असतं, आणि स्वच्छ असणं म्हणजे माशांच्या दृष्टीनं पातळ वरणच. त्यात पोषण कमी. झाडांच्या सावलीमुळे शेवाळही बेताचं. ओढ्याचं मुख्य अन्न येतं काठावरून: जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज यांची पडलेली पानं, फळं, किडे. पानं कुजतात, त्यावर बुरशी वाढते, ती किड्यांच्या अळ्या खातात, अळ्यांना मासे खातात. पानापासून माशापर्यंत पोचता पोचता बहुतेक सगळं खर्च होऊन जातं.

म्हणून तळ्यात हेक्टरी टनांनी मासा काढता येतो, ओढ्यात ती भाषाच लागू होत नाही. आणि म्हणूनच काठची झाडं तोडली, की कुणी एकही मासा न मारता मासे कमी होतात.

पण याच गरिबीतून विलक्षण जीव घडले आहेत. आपण ज्याला मळ्या म्हणतो त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. धारेत ती खडकाला चिकटवून तो शेवाळ खरवडत बसतो. ग्लिप्टोथोरॅक्स नावाच्या लहान मांगुरवर्गीय माशाच्या छातीवर वळ्या असतात, त्या दगडाला धरून राहतात. त्यातल्या एका जातीला चक्क पुण्याचं नाव आहे, पूनाएन्सिस. गोट्यांच्या फटींत राहणाऱ्या मुऱ्यांचं शरीर त्या फटींच्या मापाचं.

एक गमतीची गोष्ट. १८३९ साली कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली आणि नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं उचलली. त्यामुळे आजही जगभरचे शास्त्रज्ञ या माशांना मुल्या, खुद्री, कोलस, पोटेल, बोगट, मूरे म्हणूनच ओळखतात. आपल्या मुलांना यातली किती नावं माहीत आहेत, हा प्रश्न मी विचारत नाही. मलाही सगळी ओळखता येत नाहीत.

पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या ३०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रदेशनिष्ठ आहेत. प्रदेशनिष्ठ म्हणजे जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या. काही तर एकाच नदीत, एकाच खोऱ्यात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०११ मध्ये घाटातल्या गोड्या पाण्याचा आढावा घेतला, तेव्हा तपासलेल्या जीवगटांत मासे सर्वाधिक अडचणीत निघाले. एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात. बिबट्या इथे संपला तरी दुसरीकडे उरेल. एका खोऱ्यातला मुरा गेला, तर तो जगातूनच गेला.

अन्न म्हणून मोल किती?

बरंच. ओढ्यातला मासा खाद्य मागत नाही, त्याला डिझेल लागत नाही, बर्फ लागत नाही, ट्रक लागत नाही. कुणी शेत नांगरलं नाही, कुणी खत टाकलं नाही, तरी पानापाचोळ्याचं आणि शेवाळाचं प्रथिन झालं.

त्यातही लहान मासे खरे गुणाचे, कारण ते डोक्या-काट्यासकट खाल्ले जातात. मोठ्या माशाचा आपण मांसल तुकडा खातो आणि काटे फेकतो, म्हणजे कॅल्शियम फेकतो. बारक्या माशाचे काटे पोटात जातात, डोळे आणि आतडीही जातात, आणि काही जातींत 'अ' जीवनसत्त्व नेमकं तिथेच साठलेलं असतं. बांगलादेशातल्या मोला या बोटभर माशावर शकुंतला थिलस्टेड यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं आणि अशा लहान माशांनी कुपोषणावर काय फरक पडतो ते दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गोड्या पाण्यातून पकडलेल्या माशांच्या बाबतीत भारत जगात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि नोंद न होता थेट चुलीवर जाणारा मासा वेगळाच. डोंगरातल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी कुटुंबांसाठी पावसाळ्यातले मासे, खेकडे, शिंपल्या हे चोचले नसतात. कणगी रिकामी असते त्या दिवसांतलं जेवण असतं ते.

म्हणून 'मासे खाणंच बंद करा' हा शहरात बसून दिलेला सल्ला मला पटत नाही. प्रश्न किती, कधी आणि कसे, एवढाच आहे.

टिकाऊ म्हणजे नेमकं किती?

हल्ली 'शाश्वत' हा शब्द फार ऐकू येतो. माशांच्या बाबतीत त्याचा अर्थ शेतकऱ्याला दोन वाक्यांत कळतो. पीक खायचं, बियाणं खायचं नाही. वर्षाला जेवढी नवी भर पडते त्यातलाच हिस्सा काढायचा, भर घालणारे राखायचे.

आता चढणीच्या माशाला इतकी चव का? पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, असते म्हणून. वांबेची गाबोळी, शिंगटीची गाबोळी, लोक त्यासाठीच वाट पाहतात. पण गाबोळी हेच तर ओढ्याचं बियाणं. नोव्हेंबरमध्ये तीच मादी पकडली असती, तर एक मासा गेला असता. जूनमध्ये पकडली, की तिच्यासोबत तिची यंदाची पेरणीही गेली. समुद्रात हेच तत्त्व सरकारनं केव्हाच मान्य केलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद असतात आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. नेमके त्याच दिवसांत गावामागच्या ओढ्यात सगळ्यात मोठी मासेमारी चालते.

'एक मादी हजारो अंडी घालते. चार माद्या खाल्ल्या तर काय बिघडतं?'

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि तो रास्त आहे. पण हजारो अंडी हे सुबत्तेचं लक्षण मानू नका. जगण्याची शक्यता किती कमी आहे, याची ती खूण आहे. संख्या आहे तेवढीच राहायची, तर एका नर-मादीच्या जोडीमागे त्यांच्या आख्ख्या आयुष्यात सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालण्यापर्यंत पोचावी लागतात. फक्त दोन. बाकी सगळी अळ्या, बेडूक, साप, खंड्या, दुसरे मासे यांच्या पोटी किंवा खाचर मध्येच सुकल्यानं जातात. म्हणजे मोठी झालेली मादी ही हजारोंमधून वाचलेली असते. तिला मारणं आणि हजार अंड्यांपैकी एक चिरडणं यांची तुलनाच होत नाही.

शिवाय सगळ्या जाती सारख्या नाहीत. लहान मासे वर्षभरात वयात येतात, भराभर वाढतात, थोडी मासेमारी सहज सोसतात. महसीर, ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात, तो वेगळ्या घडणीचा. तो वयात यायला काही वर्षं घेतो. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते, तर महसीरची काही हजार. कोंबडी आणि म्हैस यांना एकच हिशेब लावता येत नाही, तसंच हे. मळ्यासारखे बारके मासे थोडे जास्त निघाले, तर दोन पावसाळ्यांत भरून येतील. डोहातला दहा किलोचा महसीर काढला, तर ती जागा भरायला एक पिढी जाईल. आणि आपल्याला फोटो काढायला आवडतात ते नेमके दहा किलोवालेच.

'आमच्या आज्या-पणज्यानंही खाल्ले. तेव्हा का नाही संपले?'

कारण आजोबांकडे करंट नव्हता.

हे फक्त टोमण्यापुरतं नाही. जुन्या साधनांना स्वतःची मर्यादा होती. गळाला एका वेळी एक मासा लागतो. बांबूच्या सापळ्यातून बारके निसटतात. रामेठा किंवा गेळफळ कुटून पाण्यात टाकायची जुनी रीत होती, तीही निरुपद्रवी नव्हती, पण एका डबक्यापुरती असायची. रस्ता नव्हता, बर्फ नव्हता, म्हणून गावाला पुरेल त्याहून जास्त मासे मारून उपयोग नसे. आज चढण लागल्याची खबर फोनवर तासाभरात तालुक्यात पोचते आणि गाड्या येतात.

विजेच्या तारेवर आकडा टाकून किंवा बॅटरी-इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडला, की त्या टप्प्यातलं लहानमोठं सगळं लुळं पडतं. मोठे मासे उचलले जातात. पिल्लं, बेडूक, खेकडे तसेच मागे राहतात. यात माणसंही मेली आहेत. जिलेटिनच्या कांडीनं माशाच्या आतली हवेची पिशवी फाटते, आणि बरेच मेलेले मासे वर तरंगतच नाहीत, तळाशी जाऊन कुजतात. मिळाले त्याहून वाया गेले जास्त. ब्लीचिंग पावडर किंवा शेतीचं कीटकनाशक ओतणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. ते मासे पुन्हा आपल्याच ताटात येतात आणि तेच पाणी खालच्या वाडीत भरलं जातं.

सुरुंग आणि विष लावून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानंच बंदी घातलेली आहे. त्यात विजेचा उल्लेख नाही, कारण त्या काळी ओढ्यावर वीज येणार कुठून. पुढे काही राज्यांनी आपापल्या नियमांत ती भर घातली. पण मध्यरात्री, भर पावसात, डोंगरातल्या ओढ्यावर कायदा राबवायला कोण जाणार? याचं उत्तर गावातच शोधावं लागतं, त्याकडे पुढे येतो.

ओढा तुटतो तेव्हा

समजा, उद्यापासून सगळ्यांनी चढणीचे मासे पकडणं सोडून दिलं. तरी मासे परत येतील का? माझं उत्तर: बऱ्याच ओढ्यांत नाही. कारण चढायला वाटच उरलेली नाही.

देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त. धरण माशासाठी काय करतं हे सांगायला नको, भिंत ती भिंत. पण भिंतीपेक्षाही लबाड गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रस्त्याखालची नळाची मोरी घ्या. ओढ्यावर सिमेंटचे गोल नळ टाकून वर रस्ता केला. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत नळाच्या तोंडाखालची माती खणली जाते आणि पाणी हातभर उंचीवरून पडू लागतं. मुऱ्याला हातभर उंची म्हणजे आपल्याला चार मजले. उडी मारून कोणी आत शिरलाच, तर आत नळ गुळगुळीत, धार जोरात, दम खायला एक दगड नाही. मोठे, मजबूत मासे कदाचित पार होतात. बाकीचे मोरीखालच्या डबक्यात साठून राहतात, आणि गावातल्या पोरांना ते डबकं अचूक माहीत असतं.

बंधाऱ्यांचंही बंधाऱ्याप्रमाणे. पावसाळा संपल्यावर पोत्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा पुढच्या जूनच्या पुरात निघून जातो. माशाच्या दृष्टीनं तो जवळपास आदर्शच: पाणी अडवायचं तेव्हा अडवतो, वाट द्यायची तेव्हा देतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढल्या, तर तोही बरीच वाट मोकळी ठेवतो. काँक्रीटचा पक्का बंधारा बारा महिने उभाच.

तिसरा घाव खोलीकरणाचा. जेसीबी लावून ओढा सरळ, रुंद, सपाट केला, की कागदावर पाणीसाठा वाढतो आणि फोटो छान येतो. पण निरोगी ओढा सपाट नसतो. डोह, मग खळाळ, मग उथळ, पुन्हा डोह, अशी त्याची चाल असते. खळाळात पाण्यात हवा मिसळते, गोट्यांखाली अळ्या राहतात, डोहात उन्हाळा निघतो. आपल्या घरातून स्वयंपाकघर, न्हाणी आणि निजायची खोली काढून एक मोठा हॉल केला, तर क्षेत्रफळ तेवढंच राहील, पण राहणार कसं? काठची शेरणी, वाळुंज अशी झाडंझुडपं मशीनच्या एका फेऱ्यात जातात, त्यांच्याबरोबर सावली जाते आणि पाल्याचं जेवणही. पाणी अडवायला माझा विरोध नाही, पाण्याशिवाय माणसं कशी राहतील. पण डोह तसाच ठेवून गाळ काढता येतो. तेवढं पाहणारा माणूस मशीनजवळ उभा हवा, इतकंच.

गोड्या पाण्यात स्थलांतर करणाऱ्या माशांचा जगभरचा आढावा २०२४ मध्ये आला. नोंदी असलेल्या जातींच्या माशांची संख्या १९७० पासून सरासरी ८१ टक्क्यांनी घटली आहे. वाटा तोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

'मग हॅचरीतली पिल्लं आणून सोडा की!'

ऐकायला सोपं, करायला जोखमीचं. याचा सगळ्यात बोलका दाखला लोणावळ्यापासून सुरू होतो. तिथे टाटांच्या धरणांजवळ १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीरची पिल्लं वाढवण्याचं काम झालं. साइक्सनं नाव दिलेला खुद्री तो हाच. हेतू चांगला होता, तंत्र जमलं, लाखो पिल्लं तयार झाली आणि देशातल्या इतर नद्यांतही ती गेली. कर्नाटकातली कावेरी त्यातलीच एक.

कावेरीत आधीच तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड मोठा होणारा. पाहुणा आला, पसरला आणि काही दशकांत घरचा दिसेनासा होत गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग ही कारणं होतीच, पण संशोधकांनी बाहेरून आलेल्या महसीरकडेही बोट दाखवलं. गंमत म्हणजे या जगप्रसिद्ध कुबडदार माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ मध्ये, तोवर तो अतिसंकटग्रस्त होऊन बसला होता. खुद्री मात्र सुरक्षित जातींच्या यादीत गेला. एक वाचवताना दुसरा बुडाला.

तिलापियाची गोष्ट याहून सरळ. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला, आता कुठल्याही धरणात, नदीत सापडतो. आफ्रिकन मागूरवर २००० साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात तळी फुटली की ओढ्यात उतरतो. तो दिसेल ते खातो. ओढ्यात हे दोघे सापडले तर बिनदिक्कत पकडा, गाबोळीसकट पकडा. तिलापिया चवीलाही वाईट नाही.

पिल्लं सोडणं कधी उपयोगी पडतं? त्याच खोऱ्यातली जात असेल, तिथे ती कमी का झाली हे कळलं असेल आणि ते कारण दूर केलेलं असेल तर. भोक बुजवल्याशिवाय बादली भरण्यात अर्थ नाही.

डोह राखणारी गावं

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवीचे मानले जातात, त्यांना कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात, महादेवाच्या देवळाजवळ, तसंच. कर्नाटकात शृंगेरीच्या घाटावर तुंगेतले मासे पाहायला तर लोक लांबून जातात. एरवी ज्या नदीत मोठा महसीर दिसणं मुश्कील, तिथे या टप्प्यात तो हाताच्या अंतरावर फिरताना दिसतो. याला कुणी श्रद्धा म्हणेल. परिणामाच्या दृष्टीनं ते राखीव बियाण्याचं शेत आहे.

ही पद्धत देवळाशिवायही चालते का? थायलंडच्या उत्तरेला, साल्वीन नदीच्या खोऱ्यात, डोंगरातल्या गावांनी आपल्या ओढ्या-नद्यांचे छोटे टप्पे स्वतःहून मासेमारीला बंद केले. सरकारनं सांगितलं म्हणून नाही, खायला मासे हवेत म्हणून. संशोधकांनी अशा २३ टप्प्यांची शेजारच्या खुल्या टप्प्यांशी तुलना केली आणि २०२० मध्ये निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात आले. बंद टप्प्यांत माशांच्या जाती सुमारे २७ टक्के जास्त, संख्या दुपटीहून अधिक आणि एकूण वजन वीसपटीहून जास्त. वजन इतकं कसं वाढलं? मोठे मासे मोठे व्हायला जिवंत राहिले म्हणून. आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. त्यांची पिल्लं बंद टप्प्यात थांबत नाहीत, खाली-वर पसरतात, आणि बाहेर गळ टाकून बसलेल्याच्या कढईत पोचतात.

यातली मेख अशी की राखलेला डोह गावाच्या नजरेच्या टप्प्यात हवा. मघाशी विचारलं होतं, कायदा राबवायला मध्यरात्री कोण जाणार? ज्याच्या अंगणातून डोह दिसतो तो.

'गरिबाच्या ताटातला मासा तेवढा दिसतो तुम्हाला?'

हा राग मला समजतो. वर कारखान्याचं पाणी सुटतं, वाळू उपसली जाते, डोंगर पोखरले जातात, आणि उपदेश मात्र पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. म्हणूनच 'चढणीत कुणीच काही पकडू नये' असं म्हणण्याऐवजी मी कमी मागतो. चढत्या माशाला पहिले काही दिवस जाऊ द्या, उतरताना धरा. भात पोटरीत येताना खाचरांतून परतणारे मासे अंडी घालून मोकळे झालेले असतात आणि त्यांत यंदाची भरही असते. गाबोळी मिळणार नाही हे खरं, पण पोट भरतं. ओढा आडवा बांधून, मच्छरदाणी लावून पूर्ण वाट अडवू नका, अर्धी तरी मोकळी सोडा. करंटवाल्याला गावात थारा देऊ नका, मग तो पाहुणा का असेना. विकायचेच असतील तर शेततळ्यातले कटला-रोहू-मृगळ विका, तो मासा बाजारासाठीच बनला आहे.

आणि पुढच्या खेपेला गावात मोरीचं काम निघालं, की ठेकेदाराला एक गोष्ट सांगा: नळाचा तळ ओढ्याच्या तळाच्या वीतभर खाली बसव. एका पावसात नळात गोटे-वाळू भरतील, तळ खडबडीत होईल आणि पाणी पडायचं थांबेल. मुऱ्याला तेवढं पुरतं.